अमेरिका वेशीपर्यंत

आमच्या अंगणात अकरा वर्षांपासून अमेरिका उभी आहे. खरं तर ती १९५४ सालची डॉज गाडी, पण अख्ख्या तेर गावात तिला या नावानं कुणी ओळखत नाही. "अप्पा कुठायत?" असं कुणी विचारलं की आम्ही सांगतो, "अमेरिकेखाली." एकदा विमा एजंटाला मी फोनवर म्हणाले, "अप्पा अमेरिकेत आहेत, हात धुऊन येतील." तो बिचारा पुढं पंधरा दिवस आमच्याशी लई आदरानं बोलत होता.

माझे अप्पा, मल्लिकार्जुन, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतात. तीबी मोटार आन् हीबी मोटार, एवढ्या एका विचारावर त्यांनी ही गाडी एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून ट्रॅक्टरला बांधून आणली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की ही निजामाच्या ताफ्यातली. निजामाचं राज्य जाऊन सहा वर्षं झाल्यावर ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली, हे मी इतिहासाचं पुस्तक उघडून अप्पांना दाखवलं. ते म्हणाले, "आधी मागवली असंल."

माझी आई जगदेवी, म्हणजे आमची अव्वा, हिचं अकरा वर्षं एकच म्हणणं: "अंगण खाली करा." शेवया वाळत घालायच्या तर बॉनेटवर, पापड टपावर. शेवटी यंदाच्या नागपंचमीला तिनं अट घातली.

"खंडेनवमीला तुमची अमेरिका आपल्या पायानं वेशीतल्या मारुतीपर्यंत जाऊन आली तर राहील. न्हाय आली तर बब्रुवानचा टेम्पो."

बब्रुवानकाका भंगार घेतात. अप्पांनी विभूतीला हात लावून कबूल केलं. त्यानंतर ते जेवायलासुद्धा गाडीखालून अर्धेच बाहेर यायचे. मी एकदा ताट सरकवत विचारलं, "अप्पा, एवढं काय हाय हिच्यात?"

"गावाच्या विहिरी चालू केल्या मी," ते खालूनच म्हणाले. "एक वस्तू आपली म्हणून चालू करावी वाटती. बास."

खंडेनवमी उजाडली. अप्पांनी बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, पान्यांना हळदकुंकू वाहिलं, चारी चाकांच्या पुढं एकेक लिंबू ठेवलं. गाडी पुढं जाईल, लिंबं चिरडतील, दृष्ट निघेल. गल्ली गोळा झाली. बब्रुवानकाका टेम्पो थेट फाटकातच लावून आले. "चहा प्यायला आलो," म्हणाले. चहाला कुणी वजनकाटा घेऊन येतं का?

खाजाचाचांनी हँडल मारलं. हे अप्पांचे दोस्त, जुन्या ट्रकांचे मिस्त्री. तिसऱ्या झटक्याला इंजिन असं काही गरजलं की टपावरचे पापड उडाले. टाळ्या! मी तर शिट्टीच मारली. मागच्या महिन्यात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी गप्प बसत नाही. अव्वाच्या मते आधीही बसत नव्हते, पण तेव्हा प्रमाणपत्र नव्हतं.

अप्पांनी पहिला गियर टाकला, क्लच सोडला आणि अमेरिका मागं गेली. थेट कडब्याच्या गंजीत.

"पैला टाका, अप्पा!"

"पैलाच हाय की गं!"

दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात गंजीत शिरली. लिंबं जिथल्या तिथं, टवटवीत.

"रिव्हर्स डाल के देख रे मल्लू," खाजाचाचा म्हणाले. रिव्हर्स टाकला तर ती पुढं आली! हातभर आली, कण्हली आणि बंद पडली. रिव्हर्सचे दात मूळचेच झिजलेले. म्हणजे आता आमच्याकडं मागं जायचे तीन दणकट गियर होते आणि पुढं जायचा एक, तोही बोळका.

खाजाचाचा सरपटत खाली गेले. बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते. मग आवाज आला. "बेटी, ये किसका अक्षर है?"

मी वाकून पाहिलं. मागच्या दोन चाकांना जोडणारा जाड लोखंडी दांडा असतो, मधे भोपळ्यासारखा फुगलेला. त्याला हौसिंग म्हणतात. त्याच्या पोटावर, जमिनीच्या बाजूनं, पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं: खाली. शिरोरेषा एकदम सरळ, वेलांटी गोल. अक्षर माझं होतं.

मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. हौसिंग अंगणात विटांवर होतं. चाचांनी त्यातलं तेल काढलं आणि म्हणाले, "खाली हुआ, लिख दे बेटी, तेरा अक्षर अच्छा है." सुंदर हस्ताक्षरात शाळेत पहिला नंबर! मी जीव ओतून लिहिलं, जी बाजू वर होती तिच्यावर. खाली, म्हणजे रिकामं. पुढं चाचा दोन महिने लेकीकडं सोलापूरला गेले. हौसिंगवर गाडीच्या स्प्रिंगा जिथं टेकतात त्या बैठका गंजलेल्या होत्या. अप्पांनी माझं अक्षर वाचलं, ही बाजू खाली असं समजले आणि वेल्डिंगवाल्याकडून नव्या बैठका त्याच हिशेबानं मारून घेतल्या. हौसिंग पालथं बसलं. चाकं उलटी फिरायला लागली.

मी पूर्ण एक मिनिट गप्प होते. घरात आजही याची आठवण काढतात.

"माझ्यामुळं झालं, अप्पा."

अप्पा खाली वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पर किती सुरेख लिवलंय गं."

यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

बब्रुवानकाकांनी टेम्पोचं फाळकं पाडलं. "वैनी, काटा आणू का?"

"अट म्हंजे अट," अव्वा म्हणाली, पण अप्पांकडं न बघता. अप्पा दस्तीनं स्टेअरिंग पुसत होते. उगीच, पुसलेलंच परत.

माझा आवाज परत आला. "अव्वा, अट काय होती? शब्दाला शब्द सांग."

"आपल्या पायानं मारुतीपर्यंत जाऊन यायचं."

"तोंड कुठं करून?"

"आँ?"

"तोंड कुठं करून जायचं, हे बोलली होतीस का?"

"हे काय कोर्ट हाय व्हय?" बब्रुवानकाका मधे पडले.

"काका, तुमी चहाला आलाव ना? प्या की मग."

गल्ली हसली. अव्वा हसली नाही. ती थोडा वेळ अप्पांच्या त्या पुसण्याकडं बघत उभी राहिली. मग वाकली. चारी लिंबं उचलली, पदराला पुसली आणि एकेक करून चारी चाकांच्या मागं ठेवली.

"बघतंय काय सगळं? गंजी सरकवा."

गंजीमागून आमची बैलगाडीची वाट आहे, ती वळसा घालून वेशीतच निघते. दहा हातांनी कडबा बाजूला केला. चाचांनी हँडल मारलं, अप्पांनी पहिला टाकला, आणि चारी लिंबं फटाफट फुटली!

पुढची सगळी मिरवणूक मी चालवली. गाडीच्या मागं, म्हणजे पुढं, उलट्या पावलांनी मी: "येऊ द्या, येऊ द्या! उजवीकडं तोडा! म्हस हाय, म्हस!" अप्पांची मान मागं वळलेली, ती पुढं चार दिवस तशीच राहिली. अव्वा त्यांच्या शेजारी बसली होती, समोरच्या काचेतून लांब जाणाऱ्या घराकडं बघत.

"लग्न झाल्यापासून पैल्यांदा घराकडं तोंड करून बाहेर पडले," ती म्हणाली.

मारुतीला पाठमोरी प्रदक्षिणा घातली. पुजाऱ्यानं नारळ फोडला, पण गाडीच्या कुठल्या टोकाला फोडायचा ते दोनदा विचारून. येताना पुढच्या गल्लीनं, शेपूट आधी, अमेरिका फाटकापर्यंत आली. फाटकात टेम्पो आडवा.

"वैनी, कुठं घेऊ ह्याला?" बब्रुवानकाकांनी विचारलं.

अव्वा खिडकीतून म्हणाली, "खाली न्या."

"खाली म्हंजे? रिकामा, का खालच्या गल्लीला?"

"दोनीबी," अव्वा म्हणाली.