गुरुवार म्हणणारा टेट

"हेल्मेट द्या, नोरीनबाई." कोच टोलिव्हर हळूच बोलला, पण जबडा आवळलेला होता.

"नाही देणार." नोरीननं मांडीवरच्या टेटच्या हेल्मेटवर कोट ओढून घेतला.

"सात मिनिटं उरलीत. तीनच गुणांनी मागे आहोत. टेट स्वतः म्हणतोय, मी ठीक आहे!"

"टेट म्हणतोय, आज गुरुवार आहे."

शनिवार होता, आणि टेट नुकताच मैदानात डोक्यावर आपटला होता.

टोलिव्हर ऑगस्टमध्ये मुख्य कोच म्हणून आला, तेव्हा मिनेसोटातल्या त्या छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघानं पाच हंगामांत मिळून चार सामने जिंकले होते. त्यानं पहाटे सहाला सराव लावला, रविवारी सगळ्यांना घरी बोलावून पॅनकेक खाऊ घातले. नोव्हेंबरपर्यंत सात विजय झाले. आजचा सामना जिंकला की विभागाचं विजेतेपद. गावातली दुकानंसुद्धा दुपारीच बंद झाली होती.

नोरीन हॅल्व्हर्सन एकतीस वर्षं या पोरांचे घोटे बांधत होती, सुजलेल्या गुडघ्यांवर बर्फ धरत होती. टोलिव्हर तिचा पाचवा कोच. दुसऱ्या कोचच्या वेळी एक पोरगा असाच डोक्यावर आपटला होता. "खेळू द्या त्याला," कोच म्हणाला आणि तिनं खेळू दिलं. त्या पोराचं कार्ड अजून दर नाताळला येतं. अक्षर त्याच्या आईचं असतं.

"मला कामावरून काढा हवं तर," ती म्हणाली. "सोमवारी काढा. आज तो खेळणार नाही."

 टोलिव्हरनं वळून राखीव पोराला आत पाठवलं. सतरा-चौदानं ते हरले. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "म्हातारे, तू घालवलास सामना!" नोरीननं मान वर केली नाही. टेटला धरून ती रुग्णवाहिकेत चढली.

डॉक्टरांनी टेटला रुग्णालयात ठेवून घेतलं. त्याची आई डुलुथ शहराहून गाडी चालवत निघाली होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास ओल्या कोटानिशी टोलिव्हर आला.

"कोच, जिंकलो का आपण?" टेटनं विचारलं.

"हरलो, टेट."

टेटच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नोरीननं ते पुसलं. दहा मिनिटांनी त्यानं पुन्हा विचारलं, "जिंकलो का?" उत्तर ऐकून तो पुन्हा तसाच, पहिल्यांदा कळल्यासारखा रडला.

टोलिव्हर पांढराफटक पडला. "कधीपासून चाललंय हे?"

"आल्यापासून. पंधराएक वेळा झालं असेल."

"जिंकलो म्हणून सांगू या ना त्याला."

"नको. उद्या डोकं ताळ्यावर येईल, तेव्हा आपण खोटे ठरू."

टोलिव्हरनं ओला कोट काढून खुर्चीवर टाकला. मग म्हणाला, "तुम्ही काही खाल्लंय का?"

"सकाळी."

"जा, खाऊन या. मी बसतो."

ती खाली गेली, सूपचा पेला घेऊन अर्ध्या तासानं परतली. दार किलकिलं होतं. टोलिव्हरनं खुर्ची पलंगाला चिकटवली होती, टेटचा हात हातात होता.

"हरलो रे, सतरा-चौदा," तो सांगत होता. "पण आधी ऐक. पहिल्या सत्रात तू तो लांबचा चेंडू फेकलास ना, वारा असा समोरून होता…"

टेटच्या गालावर पाणी होतं आणि तो हसत होता. टोलिव्हर मोकळ्या हातानं वारा दाखवत होता. आवाज बसला होता त्याचा. नोरीन दारातच थांबली, पेल्यातलं सूप निवेपर्यंत.