बोंडांशेजारची बाटली

मित्रांनो, मी देवपुरातल्या एका दवाखान्यातली जुनी औषधाची बाटली आहे. कंपाउंडर जीवराम माझ्या पोटावर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. खोकल्याची, तापाची कितीतरी औषधं मी घरोघरी पोचवली आणि त्याचा मला भारी तोरा होता.

एका वर्षी अमळनेरजवळच्या खेड्यातून यशोदाबाई आल्या. आतड्यांना सूज, दिवसातून दहादा संडास, त्यातून रक्त. लेक पाचोऱ्याला दिलेली. पण एसटीत बसायचा धीर होत नसल्यामुळे नातीचं बारसंही हुकलं होतं. एकदा लेकीच्या घरी जाऊन यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

नेहमीची औषधं करून झाली होती. डॉक्टर म्हणाले, "अफूचं व्यसन सोडवायला एक गोळी देतात. अगदी थोड्या मात्रेत दिली तर आतड्याची सूज उतरते, असं काहींनी लिहिलंय. खात्री नाही, पण करून पाहू. दुसरं काही औषध घेता का?"

"नही डॉक्टरसाहेब, काहीच नही."

जीवरामने गोळी पाण्यात विरघळवून माझ्यात भरली.

घरी मला कोनाड्यात ठेवलं. शेजारीच अफूच्या वाळक्या बोंडांचा डबा होता. यशोदाबाईंच्या सासूबाई भागाबाई रोज दुपारी त्या बोंडांचा काढा उकळून त्यांना द्यायच्या. त्यानेच संडास थोडी आवरायची. त्या दुपारीही यशोदाबाईंनी काढा घेतला आणि दिवेलागणीला माझ्यातला पहिला डोस. मी सगळं पाहत होते, पण काय करणार?

तासाभरात त्यांना दरदरून घाम सुटला. उलट्या, कळा, हातपाय थरथर. जीपमध्ये घालून त्यांना दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा भागाबाई म्हणाल्या, "काढा काय औसद शे का? तो ते घरना शे."

डॉक्टर खाली बसले. "अंगात अफू असताना हे औषध द्यायचं नसतं, अफूचा असर एकदम तुटतो आणि असा त्रास होतो. मीच नीट विचारायला हवं होतं." चार दिवसांनी यशोदाबाई सावरल्या. काढा हळूहळू सोडून पुढे पुन्हा पाहू, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. यशोदाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "माले आते काहीच नको."

ते औषध लागू पडलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. कुणालाच कधी कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आता माझ्यात खोबरेल असतं. परवा लेक नातीला घेऊन आली होती. "आजी, आमच्याकडे कधी येशील?" नातीने विचारलं. यशोदाबाई तिच्या केसांना तेल लावत राहिल्या.

मित्रांनो, डॉक्टर विचारतील तेव्हा घरच्या चुलीवर उकळतं तेही सांगा. यशोदाबाईंनी काही लपवलं नव्हतं. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.