बळीरामकाकांचा भुईचाफा

कुदळीचा पहिला घाव बसला आणि पंचफुलाकाकू दारातून उठून थेट माझ्या पुढ्यात येऊन बसल्या.

"थांब अफरोज. खाली भुईचाफा झोपला हाये."

मला हसूच आलं. माघाचा महिना, अंगणात गवताची काडी नाही. घाटंजीत वीस वर्षं अंगणांत सिमेंटचे गट्टू बसवतोय, जमीन आपल्याला कळते असा माझा तोरा. कुदळ वर काढली तर पात्याला ओला, वासाचा कंद चिकटलेला. चांगलाच खजील झालो.

हा भुईचाफा उन्हाळ्यात एकही पान नसताना जमिनीतून नुसती जांभळी-पांढरी फुलं काढतो, पावसाळ्यात पानं धरतो आणि थंडीत दिसेनासा होतो. त्याच्या कंदाचा लेप लावून काकूंनी अर्ध्या वस्तीचे मुरगळलेले पाय बरे केले. हाड मोडल्याचं बोटांना कळलं, की मात्र लेप नाही, सरळ दवाखाना. माझ्या अम्मीलाही असंच हाकललं होतं. अम्मी चिडली, पण एक्स-रेच्या फोटोत हाड मोडलेलंच निघालं.

हे कंद तीस वर्षांपूर्वी लावले त्यांच्या नवऱ्याने, बळीरामकाकांनी. काका लकव्याने वर्षभर खाटेवर. चाकांची खुर्ची आणली, तर ती मातीत रुतते. म्हणून हे गट्टू. काकांना लेप लावून पाहिला का, असं मी विचारलं.

"लकव्याले तो चालत नाही. खोटी आस कायले देऊ त्यायले?"

थोडी माती मोकळी सोडू म्हटलं, तर खुर्ची वळायला जागा उरत नव्हती. मग काकूंनी खुरपं घेतलं. उंबरठ्यापासून वितीने मोजत एकेक कंद काढला, एकालाही धक्का न लावता. माझ्या कुदळीची मला लाज वाटली. संध्याकाळपर्यंत टोपलं भरलं आणि शेजारच्या अंगणांत वाटूनही झालं. स्वतःला एकही ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी काकांना खुर्चीत बसवून मी बाहेर काढलं. चारपाच हात गेलो आणि त्यांनी धडधाकट हाताने चाक घट्ट धरलं. जीभ जड, बोलता येईना. समोर तर सपाट, नवे गट्टू. मला काही कळेना.

"बाजूनं घे बाप्पा," काकू म्हणाल्या. "तीस वर्सं झाले, यायनं तिथं पाय नाही ठेवला."

आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मी खुर्ची वळसा घालून नेली.