जूलीचा चीक

जूली पहाटे व्याली आणि आमच्या सासूबाईंनी तिचा चीक पिळून माडाच्या बुंध्याशी ओतला. क्लेमेंट शिंगराला गोणपाटाने पुसत होता, मी चुलीपाशी होते. दोघांनीही बघितलं नाही.

जूली आमची घोडी. कळंबच्या किनाऱ्यावर सुट्टीला आलेल्या लोकांना माझा नवरा क्लेमेंट तिच्या गाडीतून फिरवायचा. तिचं हे पहिलंच शिंगरू.

ते उभं राहिलं, पण आचळ धरायचं आणि सोडून द्यायचं. मग गुडघ्यांत मोडून पडलं ते उठेचना. क्लेमेंट धावत जाऊन गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरचा पहिला प्रश्न, चीक पोटात गेला का?

सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या, "मी काढून टाकला ना. पयला चीक बाधतो लेकराला."

डॉक्टरने कपाळाला हात लावला. म्हणाला, आजारांशी लढायची ताकद शिंगराला त्या चिकातूनच मिळते, आणि तीही पहिल्या दिवशीच. उद्या बादलीभर पाजलात तरी उपयोग शून्य. घोडीचा चीक एकदा काढला की मग नुसतं दूधच येतं. दुसरी व्यालेली घोडी मिळत नसेल तर गाईम्हशीचा तरी कच्चा चीक आणा. उकळलेला चालणार नाही.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! पण भांडायला वेळ कुठे होता? क्लेमेंट शिंगराला मांडीवर घेऊन बसला आणि मी किटली घेऊन रिक्षात चढले.

रिक्षात डॉक्टरचे शब्द मला सोडेनात. माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी सुईण सासूबाईच होत्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर आलेली. माझाही पहिला चीक त्यांनी पिळून टाकला होता आणि बाळाला मध चाटवला होता. चांगलं गुटगुटीत होतं. आठवड्याच्या आत तापाने गेलं. देवाची मर्जी, असं सगळे म्हणाले आणि मीही ते गिळलं.

सोपाऱ्याच्या तबेल्यात भय्या म्हणाला, चीक सकाळीच मिठाईवाल्याने उचलला. दुसऱ्या तबेल्यात म्हैस व्यायला अजून अवकाश होता. निर्मळला ओळखीच्या हरेश्वरच्या म्हशीला रात्री रेडकू झाल्याचं कळलं, तशी तिथे पळाले. दारातच वेलचीचा वास आला. हरेश्वरच्या बायकोने, विनिताने, खरवस वाफवून गल्लीत वाटूनही टाकला होता. तिने मायेने माझ्यापुढे वडी धरली. ती वडी बघून मी तिच्या अंगणात फतकल मारून रडले. लाजबीज सगळी गेली चुलीत.

काय झालं ते विनिताने ऐकून घेतलं. मग म्हणाली, दुसऱ्या धारेलाही चीकच असतो. धारेची वेळ संध्याकाळची होती, पण तिने तेव्हाच रेडकाला बाजूला बांधलं आणि म्हशीखाली बसली. रेडकू हंबरत होतं. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. जेवढं निघालं तेवढं तिने किटलीत ओतलं, आणि बाकीचं ह्याचं, असं म्हणून रेडकाला सोडलं.

घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. शिंगराच्या हिरड्या गार लागत होत्या. डॉक्टर परत आला होता, त्याने किटली पाहिली, वाचेल असं मी म्हणत नाही, दोनतीन दिवस गेल्याशिवाय कळायचं नाही, एवढंच बोलून तो गेला. क्लेमेंटने शिंगराची मान धरली. चीक बाटलीत भरून ती मी सासूबाईंच्या हातात दिली. का दिली, देव जाणे. दिवसभर त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून होत्या, पाण्याचा घोट घेतला नव्हता.

पहिल्यांदा सगळं तोंडातून ओघळलं. दुसऱ्यांदाही. मग शिंगराची जीभ हलली आणि घशात काहीतरी उतरलं.

सासूबाईंनी मान वर केली नाही. हळूच म्हणाल्या, "ॲनी, तुझं बाळ पन ह्याच्यानंच गेलं का गं?"

दिवसभर ह्याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. रिक्षात तर मी ते मोठ्याने बोलून पाहिलं होतं.

"बाटली जरा खाली धरा, आई," मी म्हटलं. "ठसका लागेल त्याला."

त्यांनी धरली. मी खालून माझाही हात लावला.