निळी रेघ

"सामान सोड," मी फोनवर मुलीला म्हणालो. "आपली रेघ वर गेली."

ती म्हणाली, "खरंच, बाबा?"

"मी काय आज पहिल्यांदा आकडे बघतोय?"

"बरं. शब्द दिलाय, सोडते."

फोन ठेवला तरी मला खुर्चीत बसवेना. आकडेवारीच्या खात्यात एकतीस वर्षं मी एकच तक्ता वाढवत आलोय, आमच्या आणि नदीपलीकडच्या देशाच्या दरडोई उत्पन्नाचा. आमची रेघ निळी, त्यांची तांबडी. कागद संपला की पुढे नवा डकवायचा. ऑफिसात मला रेघवाले म्हणतात, म्हणोत बापडे. मी लागलो तेव्हा निळी वर होती. नऊ वर्षांपूर्वी तांबडीनं तिला मागे टाकलं आणि तेव्हापासून जो उठतो तो पलीकडे जातो. माझी मुलगी नर्स. तिलाही तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र आलं. घरात महिनाभर धुसफूस चालली होती. तिची आई म्हणायची, "उघड्यापाशी नागडं गेलं, सारी रात्र हिवानं मेलं. दोन्हीकडे दळिद्रच, मग जायचं कशाला?" शेवटी पोरगी वैतागून म्हणाली, "बाबा, यंदा तुमची निळी वर गेली तर नाही जाणार." जाईल असं तिला वाटत नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं.

आज तिची चारची बस, आणि अकराला आकडे आले. निळी वर होती. केसभरच, पण वर.

आता माझी एक खोड आहे. छापून आलेल्या आकड्यावर मी रेघ ओढत नाही. एकूण उत्पन्न घ्यायचं, माणसं घ्यायची आणि भागाकार आपला आपण करायचा. साहेब हसतात. आज मात्र आधी फोन केला आणि मग पेन्सिल हातात घेतली. उतावीळपणा, दुसरं काय.

भागाकार बरोबरच आला. पण वरचा आकडा, म्हणजे एकूण उत्पन्न, गेल्या वर्षीइतकाच होता. खालचा बदलला होता. नवी शिरगणती झाली होती आणि तीत माणसं कमी भरली होती. निघून गेलेली सगळी त्यातून वजा झाली होती.

शेजारच्या टायपिस्टबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "वर गेली ना? मग गप्प बसा की. पोरगी घरात राहील."

खोटं कशाला बोलू, मी गप्प बसणार होतो. पाऊण तास बसलोही. दोनदा पाणी प्यायलो, टाचण्यांची डबी उघडली, मिटली. संध्याकाळी दाराशी तिच्या चपला दिसाव्यात, एवढंच मला हवं होतं. पण तिचं ते "खरंच, बाबा?" काही केल्या कानातून जाईना. अर्धी रजा टाकली आणि निघालो.

घरी बॅग रिकामी झाली होती. मुलगी कपाटात कपडे लावत होती, बायको खुशीत होती. मी कागद पलंगावर ठेवला.

"अगं, उत्पन्न वाढलेलंच नाही. माणसं घटलीत, म्हणून वाटा मोठा दिसतोय."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" बायको म्हणाली.

मुलीनं कागद दोनदा वाचला. "नसतं सांगितलंत तर मला कधी कळलंही नसतं."

"माहीत आहे."

तिनं माझा हात धरला. खूप वाईट वाटत होतं, आणि घड्याळात तीन वाजले होते. मग बॅग मीच भरली. तिला कपड्यांच्या घड्या नीट जमत नाहीत.

बस सुटली. घरी आल्यावर बायकोनं दूध तापवलं. रोजची तेवढीच पिशवी. एरवी तीन कप पाऊण पाऊण भरायचे. आज दोन कप काठोकाठ भरले आणि पातेल्यात थोडं उरलंही. ती पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. मी कप उचलला नाही.