खिडकीतला कागदी बैल

मित्रांनो, मी एक जुना कागदी बैल आहे. उंचीने वीतभर, जाड कागदातून कापलेला, जलरंगांनी रंगवलेला.

माझा जन्म जर्मनीतल्या बव्हेरियात, एका डोंगराळ गावात, बंदीच्या वर्षी झाला. त्याआधी दर नाताळात चर्चमध्ये बाळ येशूच्या गोठ्याचा लाकडी देखावा मांडत. पण सरकारने मठ बंद केले आणि चर्चमध्ये काय मांडायचे, हेही सरकारच ठरवू लागले. देखाव्याला मनाई झाली. फादर कोर्बिनियान यांनी खाली मान घालून हुकूम वाचला.

नोटबुर्गा नावाची एक विधवा कपाटांवर फुले रंगवून पोट भरायची. तिने फादरना वाटेत गाठले.

"फादर, हुकूम चर्चला आहे की माझ्या खिडकीलाही?"

"खिडकीचं काही लिहिलेलं नाही," फादर हळूच म्हणाले. "पण जपून गं बाई."

तिने सर्वांत आधी मला रंगवले. तपकिरी रंगाचा एक हात वाळला की दुसरा. मग गाढव, मेंढपाळ आणि बाळाचे आईबाप मरिया आणि योसेफ. आम्ही खिडकीत उभे राहिलो आणि मुलांची नाके काचेला चिकटली.

तिसऱ्या दिवशी सरकारी अंमलदार घरात आला.

"बाई, उतरवा हे."

"का साहेब? बैलाला बंदी आहे?"

दारात जमलेले लोक हसले. त्याने मला उचलले. त्याचा अंगठा माझ्या मानेवर होता. एक झटका दिला असता, तर मी संपलो असतो.

"बाळ कुठाय?"

"अजून जन्मायचंय, साहेब. नाताळला चार दिवस आहेत."

"मग नाताळलाच येतो," असे म्हणून त्याने मला खाली ठेवले.

नाताळच्या दुपारी तो आला खरा, तोवर कागदी बाळही आमच्यात आले होते. टोपी काढून गर्दीच्या मागे उभा राहिला आणि आम्हाला हात न लावता निघून गेला.

वीसेक वर्षांनी बंदी उठली. लाकडी देखावा चर्चमध्ये परतला. म्हातारी नोटबुर्गा तो पाहून आली आणि तरीही तिने आम्हाला खिडकीत मांडले. "सवय झालीय," एवढेच म्हणाली.

ती गेल्यावर मी ओलसर माळ्यावर पडून राहिलो. माझ्या पाठीवर बुरशी आली. पुढे कुणीतरी ओल्या फडक्याने मला पुसले आणि माझा डावा डोळा वाहून गेला.

मित्रांनो, पाण्यात कालवलेले रंग पाण्यालाच भितात. तुमच्या घरी असे जुने चित्र असेल तर ते कोरड्या हातांनी उचला. मला उरलेल्या डोळ्याने अजून पुष्कळ नाताळ पाहायचे आहेत.