निम्मं ओझं

मी दोर बोलतोय. अंगठ्याएवढा जाड, तीन पेडांचा. जरा सावकाश बोलतो, सांभाळून घ्या. माझा एक पेड आता धड राहिलेला नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एक बाई कमरेला धागे बांधून मागे मागे चालत जायची आणि मला पीळ चढत जायचा. पुढे मधोमध कापून माझे दोन तुकडे केले. एक मी, एक माझा भाऊ. दोघेही या कारागीर शाळेत आलो. इथे मुलामुलींना जड यंत्रं उचलायला, हलवायला शिकवतात.

सर आम्हाला मायेने वागवायचे. काम संपलं की अंगावरून हात फिरवून बघायचे, कुठे झिजलोय का. "दोराशी नीट वागा रे, तुमचा जीव त्याच्या हातात असतो," म्हणायचे. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना वाईट समजाल. ते वाईट नाहीत.

तुळईवर शेजारीशेजारी दोन कप्प्या होत्या. त्यांवरून आम्ही सरळ खाली लोंबायचो आणि खाली एक जुनं इंजिन असायचं. निम्मं ओझं भावाचं, निम्मं माझं. सर गणितही तेच घालायचे. दोन दोरांनी इंजिन टांगलं, तर एका दोरावर ताण किती? उत्तर, निम्मा.

मुलांना हे फारच सोपं जातं, म्हणून सरांनी एकदा गणितातलं चित्र बदललं. दोर सरळ न काढता दोन्हीकडे फाकवले, चांगले तिरके, मध्ये एकशेवीस अंशांचा कोन. चित्र नवं झालं, पण उत्तरांचा कागद जुनाच राहिला. त्याच कागदावरून वर्षानुवर्षं वह्या तपासल्या गेल्या. मुलं "निम्मा" पाठ करून कामाला लागली.

यंदा तुळई मधोमध गंजलेली निघाली. म्हणून कप्प्या दोन टोकांना सरकवल्या. त्या चित्रातले तिरके दोर आता आम्हीच झालो.

वर्गात एक किडकिडीत मुलगी आहे. तिला सगळे काडी म्हणतात. तिने उत्तर लिहिलं होतं, "प्रत्येक दोरावर पूर्ण इंजिनाएवढा ताण." सरांनी त्यावर लाल फुली मारली.

"सर, एकदा बघता का? दोर तिरके आहेत ना."

"तिरके काय नि सरळ काय, दोर दोनच ना? भागिले दोन."

"पण सर..."

"काडे, कालपासून डोकं खाते आहेस माझं."

मागच्या बाकावरून ढोल्या ओरडला, "सरांचं गणित चुकलं असेल तर आमचा तर जन्मच चुकला की गं!"

वर्ग हसला. सरही हसले. मला मात्र हसू आलं नाही. मला किती पेलतं, ते मला ठाऊक होतं. निम्मं इंजिन, वर आणखी थोडंसं. पूर्ण इंजिन फार वेळ नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक रीत आहे, सरांनीच थट्टेत पाडलेली. ज्याचं गणित चुकेल, त्याने टांगलेल्या इंजिनाखाली शिरून ट्रॉली बाहेर काढायची. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला गुंडाळून घेणाऱ्या रहाटाचं हँडल फिरू लागलं. आम्ही ताठ झालो. इंजिन ट्रॉलीपासून बोटभर उचललं गेलं आणि माझ्या आत काहीतरी तट्कन तुटलं. टाळ्यांच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. पलीकडे भाऊ थरथरत होता.

"चल काडे, शीर खाली," सर म्हणाले.

मी जीव एकवटून धरला. याहून जास्त दोराला काही करता येत नाही.

काडी शिरली नाही. ती कोपऱ्यातून पाण्याने भरलेली बादली घेऊन आली आणि तिच्या कडीतून तिने एक बारीक दोरी ओवली.

"जाते सर. पण आधी हे एक टोक धरा. ढोल्या, तू दुसरं धर."

"आता हे काय नाटक?"

"दोन मिनिटं, सर."

दोघांनी जवळजवळ उभं राहून बादली सहज उचलली.

"आता दोघंही मागे सरका. बादली खाली टेकू द्यायची नाही हं."

ते सरकत गेले तशी दोरी तिरकी होत गेली आणि तळहातात रुतू लागली. ढोल्याचं तोंड लाल झालं. "अगं ए, मधेच पाणी वाढवलंस का?"

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी आधी बादलीकडे पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडे.

"ट्रॉलीला कुणी हात लावू नका," ते अगदी हळू म्हणाले. "सगळे भिंतीपाशी व्हा. काडी, तू आधी हो, बाळ."

इंजिन परत ट्रॉलीवर टेकलं, तेव्हा माझा एक पेड उलगडून लोंबत होता. सरांनी तो बोटांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग म्हणाले, "तुझं बरोबर होतं, पोरी. माझंच चुकलं."

मला वाटलं, सुटलो.

पण काडीने विचारलं, "सर, हे चित्र तुम्ही कधीपासून देताय?"

सरांनी कपाटातून जुन्या हजेरीवह्या काढल्या.

तेव्हापासून ते जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावत बसलेत. काडी शेजारी बसून नंबर शोधून देते. "दोर तिरके असले तर एकावर ताण किती धरतोस रे?" ते विचारतात. पलीकडून हसरा आवाज येतो, "निम्मा, सर! तुम्हीच तर शिकवलंत!" सर पहिल्यापासून समजावून सांगतात.

मी आता ओझ्याच्या कामाचा नाही. माझी काही तक्रारही नाही. एवढंच सांगायचंय, तुमच्या घरातलं कुणी अशा कामावर जात असेल, तर आजच त्याला विचारा. डोक्यावर तिरका दोर दिसला, तर तिथून बाजूला व्हायला सांगा. दोराला ओरडता येत नाही हो.

आत्ता आणखी एक नंबर लागलाय. हा मुलगा गोदीत आहे म्हणे, मोठमोठी खोकी चढवतो. सरांनी फोन कानाशी घट्ट धरलाय.

"उचल रे," ते म्हणताहेत. "उचल ना, बाळा."

घंटी वाजतेय. अजून वाजतेय.